क्षयरोगाचे निदान लवकर व्हावे यासाठी मिळालेली देणगी कोणत्या साधनावर खर्च करावी? (सोलापूर)

पूर्वभाग_कार्यकर्ता

सर्वांना नमस्कार. सोलापूर शहराच्या पूर्व भागात, यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या वस्तीत, आम्ही काही मंडळी मिळून एक लहानसा धर्मादाय दवाखाना चालवतो. टॉवेल-चादरीच्या व्यवसायातील एका कुटुंबाने क्षयरोगाच्या कामासाठी आम्हाला चांगली मोठी देणगी देऊ केली आहे. त्या रकमेतून एखादे आधुनिक यंत्र घ्यावे आणि वस्तीतील लोकांची तपासणी दवाखान्यातच मोफत व्हावी, अशी त्यांची इच्छा आहे. ही रक्कम एकदाच मिळणार आहे, त्यामुळे ती खर्च करण्यापूर्वी या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचे मत घ्यावे असे आम्ही ठरवले.

आमच्याकडची अडचण थोडक्यात सांगतो. घरात तेंदूपाने आणि तंबाखू, कारखान्यात रुईची धूळ, यामुळे आमच्या भागात खोकला कोणालाच नवा वाटत नाही. दोन-दोन महिने खोकला असला तरी तो कामामुळेच आहे असे समजून अंगावर काढला जातो. आधी मेडिकलमधून पातळ औषधाची बाटली, मग गल्लीतल्या डॉक्टरांकडचे इंजेक्शन, मग प्रतिजैविकांचा एखादा कोर्स, असे करत रुग्ण सिव्हिलपर्यंत पोहोचतो तेव्हा त्याचे कपडे अंगावर लोंबत असतात, आणि घरातील लहान मुले तोवर महिनोन्‌महिने त्याच खोलीत झोपलेली असतात. मध्यंतरी आमच्याकडे आलेल्या एका विडी कामगार महिलेची थुंकी एका ठिकाणी सूक्ष्मदर्शकाखाली दोनदा निगेटिव्ह आली आणि तिला दम्याचे औषध देऊन परत पाठवण्यात आले. पुढे सीबीनॅट तपासणीत, म्हणजे जंतूचा डीएनए ओळखणाऱ्या यंत्रावरील तपासणीत, क्षयरोग निघाला. तोपर्यंत तिची सून आणि नातू दोघेही आजारी पडले होते.

आमचे प्रश्न असे. सूक्ष्मदर्शकाच्या तुलनेत सीबीनॅट किंवा ट्रूनॅट नेमके किती सरस आहे? एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपलीकडे जातो, वीज अधूनमधून जाते आणि हवेत सतत तंतू उडतात, अशा ठिकाणी ही यंत्रे टिकतील का? हातात धरून नेता येणारे एक्स-रे यंत्र आणि संगणकाकडून एक्स-रे वाचून घेण्याची पद्धत यांच्याविषयीही बरेच ऐकतो. ती आमच्या कामाची आहे का? आणि एकच गोष्ट घेता येणार असेल, तर आपण काय घ्याल?

थुंकी_प्रयोगशाळा

नमस्कार. क्षयरोगाच्या प्रयोगशाळेतच माझी नोकरी गेली आहे, म्हणून यंत्रांविषयी थोडे सविस्तर लिहितो. मात्र आपण सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्र विकत घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याची कारणे खाली येतीलच.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयरोगाचा जंतू जगासमोर मांडला. त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ आपले निदान थुंकी पसरून रंगवलेल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या काचपट्टीवरच मुख्यतः अवलंबून राहिले. ही तपासणी स्वस्त आहे आणि कोठेही करता येते. परंतु १ मिलिलिटर थुंकीत साधारण ५,००० ते १०,००० जंतू असल्याशिवाय ते काचपट्टीवर सापडत नाहीत. आजाराच्या सुरुवातीच्या काळात, लहान मुलांमध्ये आणि एचआयव्हीबाधितांमध्ये जंतूंची संख्या पुष्कळदा याहून कमी असते, म्हणून काचपट्टी निगेटिव्ह आली एवढ्यावरून क्षयरोग नाही असे कोणीही म्हणू नये. आपल्या त्या रुग्ण महिलेच्या बाबतीत नेमके हेच घडलेले दिसते.

सीबीनॅट, म्हणजे जीनएक्स्पर्ट यंत्रावरील तपासणी, जंतूच्या डीएनएच्या असंख्य प्रती तयार करून तो ओळखते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये तिला मान्यता दिली. १ मिलिलिटरमध्ये सुमारे १३० जंतू असले तरी ती त्यांना पकडते, आणि नंतर आलेले अल्ट्रा कार्ट्रिज (यंत्रात नमुना घालण्याची एकदाच वापरायची डबी) तर सुमारे १६ जंतूंपर्यंत पोहोचते. साधारण दोन तासांत निकाल मिळतो आणि रिफाम्पिसिन या प्रमुख औषधाला जंतू दाद देतो की नाही, हेही त्याच वेळी कळते. ट्रूनॅट हे भारतात तयार झालेले यंत्र असून गोव्यातील मोलबायो कंपनी ते बनवते. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याचीही शिफारस केली. ते आकाराने लहान आहे, बॅटरीवर चालते आणि तासाभरात क्षयरोग आहे की नाही ते सांगते. निकाल पॉझिटिव्ह आला, तर त्याच नमुन्यातून वेगळ्या काढलेल्या डीएनएवर दुसरी चिप वापरून रिफाम्पिसिनची तपासणी करता येते.

उष्णता आणि धूळ यांविषयी आपली शंका रास्त आहे. जीनएक्स्पर्टसाठी खोलीचे तापमान १५ ते ३० अंशांच्या दरम्यान असावे लागते, म्हणजे सोलापुरात वर्षातील निम्मा काळ वातानुकूलन हवे, ते बंद पडू नये म्हणून वीज हवी, आणि वीज गेली तर चालू तपासणी वाया जाऊ नये म्हणून बॅटरीचा पर्यायी पुरवठा हवा. कार्ट्रिजही २८ अंशांच्या वर ठेवता येत नाहीत. यंत्राच्या मागच्या बाजूला पंख्याची जाळी असते. यंत्रमागाच्या वस्तीत ती ठरल्या दिवसापेक्षा लवकर भरते आणि स्वच्छ न केल्यास आतील भाग तापून चाचण्या अर्धवट थांबतात. ट्रूनॅट सुमारे ४० अंशांपर्यंत चालते, त्यामुळे आपल्या हवामानाला ते अधिक सोयीचे आहे, पण मे महिन्यातील दुपारी पत्र्याच्या छताखाली तेही ठेवू नये.

तरीही नको म्हणतो ते या कारणासाठी नव्हे. यंत्राची किंमत ही खर्चाची केवळ सुरुवात असते. प्रत्येक नमुन्यामागे कार्ट्रिज किंवा चिप लागते, वार्षिक कॅलिब्रेशन लागते, एखादा कप्पा बंद पडला तर कंपनीचा माणूस यावा लागतो आणि प्रशिक्षित तंत्रज्ञाला दरमहा पगार द्यावा लागतो. चार कप्प्यांच्या एका जीनएक्स्पर्टवर दिवसाच्या एका पाळीत बारा ते सोळा नमुने होतात. आपल्या दवाखान्यातून रोज इतके चांगले नमुने निघणार आहेत का? राष्ट्रीय क्षयरोग दुरीकरण कार्यक्रमात हीच तपासणी मोफत होते. ज्या कामासाठी शासनाकडे यंत्र, कार्ट्रिज आणि माणूस आहे, त्यासाठी देणगीचे पैसे अडकवू नयेत. जिल्हा क्षयरोग केंद्राशी बोलून आपले नमुने तेथे नियमित स्वीकारले जातील अशी लेखी व्यवस्था करावी.

माझ्या टेबलावर सर्वांत जास्त वाया काय जाते, तर लाळ. डबी उघडली की वर फेस आणि खाली पाण्यासारखा पातळ द्रव दिसतो. असा नमुना कितीही महागड्या यंत्रात घातला तरी निकाल निगेटिव्हच येण्याची शक्यता मोठी, आणि तो कागद घेऊन रुग्ण निर्धास्तपणे घरी जातो. छातीतून आलेला बेडका घट्ट, पिवळसर, चिकट असतो. डबी तिरकी केली की तो सावकाश सरकतो. तो मिळवण्यासाठी रुग्णाला साध्या पाण्याने चूळ भरायला सांगावी, उघड्या हवेत इतरांपासून दूर उभे करावे, दोन-तीन वेळा खोल श्वास घेऊन थोडा रोखून धरायला लावावा आणि मग पोटापासून जोर देऊन खोकायला सांगावे. किमान २ मिलिलिटर हवे. सकाळी उठल्याबरोबरचा नमुना सर्वांत चांगला. नाव आणि क्रमांक झाकणावर लिहू नये, डबीच्या अंगावर लिहावा, कारण प्रयोगशाळेत झाकणे काढली जातात. हे शिकवणारा एक माणूस वस्तीत असणे मला दुसऱ्या यंत्रापेक्षा अधिक मोलाचे वाटते.

छातीविकार_वैद्य

वरील उत्तराशी मी सहमत आहे. त्यात एक मोठी गोष्ट जोडतो. थुंकीची कोणतीही तपासणी झाली तरी ती ज्याला खोकला आहे आणि जो स्वतःहून दवाखान्यात आला आहे, त्याच्याच उपयोगाची असते. आपले बहुतेक रुग्ण निसटतात ते त्याच्या आधी.

भारतात २०१९ ते २०२१ या काळात क्षयरोगाचे राष्ट्रीय सर्वेक्षण झाले. त्यात १५ वर्षांवरील लोकसंख्येत दर लाखामागे ३१६ जणांना फुप्फुसाचा, प्रयोगशाळेत सिद्ध झालेला क्षयरोग आढळला. त्यातील दोन निष्कर्ष प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावेत असे आहेत. लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोकांनी कोणाकडेच उपचार घेतले नव्हते. आणि छातीचा एक्स-रे काढला नसता, केवळ लक्षणे विचारून थांबले असते, तर सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते. घरोघरी जाऊन 'दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का' एवढेच विचारणारे सर्वेक्षण, कितीही प्रामाणिकपणे केले तरी, जवळजवळ निम्म्या रुग्णांना मागे ठेवून येते.

म्हणून एकच साधन घ्यायचे असेल, तर मी हातात धरून नेता येणारे डिजिटल एक्स-रे यंत्र घेईन. ते एका माणसाला सहज उचलता येते, बॅटरीवर चालते आणि वस्तीतील समाजमंदिरात किंवा शाळेच्या खोलीत तासाभरात मांडता येते. ७ डिसेंबर २०२४ पासून देशातील ३४७ जिल्ह्यांत राबवलेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेतही अशा यंत्रांवर भर होता. एक्स-रे वाचायला डॉक्टर नसेल तेथे संगणक प्रणालीचा उपयोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या प्राथमिक चाळणीसाठी अशा प्रणालींची शिफारस केली आहे. ही प्रणाली प्रत्येक एक्स-रेला एक गुण देते आणि ठरावीक गुणांच्या वर असलेल्या व्यक्तीची थुंकी तपासावी, असे सुचवते.

पूर्व भागासाठी येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. संगणकाने दिलेला गुण म्हणजे निदान नव्हे, आणि गुणांची सीमारेषा सर्व ठिकाणी सारखी नसते. वर्षानुवर्षे धुळीत काम केलेल्यांच्या, धूम्रपान करणाऱ्यांच्या किंवा पूर्वी क्षयरोग होऊन बऱ्या झालेल्यांच्या फुप्फुसांवर जुने व्रण असतात आणि प्रणाली त्यांनाही संशयित ठरवते. सीमारेषा फार खाली ठेवली तर निष्कारण शेकडो लोकांना थुंकी द्यावी लागेल, आणि फार वर ठेवली तर लवकरच्या अवस्थेतील रुग्ण सुटतील. सुरुवातीच्या काही शिबिरांत एखाद्या क्ष-किरणतज्ज्ञाकडून किंवा छातीविकारतज्ज्ञाकडून सर्व एक्स-रे वाचून घ्यावेत, थुंकीचे निकाल शेजारी ठेवावेत आणि मगच आपली सीमारेषा ठरवावी. लोकांना सांगतानाही 'संगणकाने टीबी दाखवला' असे वाक्य कोणाच्या तोंडी येऊ देऊ नये. एखाद्या मुलीचे ठरलेले लग्न त्या एका वाक्याने मोडू शकते.

पूर्वी क्षयरोगाचा उपचार घेतलेल्यांबाबत आणखी एक सूचना. डीएनएवर आधारित तपासणी मेलेल्या जंतूंनाही ओळखते, त्यामुळे उपचार पूर्ण झालेल्या रुग्णात ती काही काळ पॉझिटिव्ह राहू शकते. उपचाराचा परिणाम पाहण्यासाठी ती वापरू नये. तसेच सीबीनॅट आणि ट्रूनॅटच्या नेहमीच्या चाचण्या रिफाम्पिसिनचा प्रतिरोध दाखवतात. आयसोनियाझिड या दुसऱ्या प्रमुख औषधाचा प्रतिरोध ओळखण्यासाठी नमुना पुढे लाइन प्रोब या डीएनए तपासणीकडे किंवा कल्चरकडे, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीकडे, पाठवावा लागतो. द्रव माध्यमातील कल्चर निगेटिव्ह म्हणण्यापूर्वी ४२ दिवसांपर्यंत वाट पाहावी लागते, पण जंतूंचा संपूर्ण औषध-प्रतिसाद त्यातूनच कळतो.

रक्ताच्या तपासणीविषयी कोणी विचारेलच, म्हणून लिहून ठेवतो. रक्तातील प्रतिपिंडे पाहून क्षयरोगाचे निदान करणाऱ्या चाचण्यांवर भारत सरकारने जून २०१२ मध्ये बंदी घातली, कारण त्यांचे निकाल विश्वासार्ह नव्हते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली त्वचेवरील सीवाय-टीबी चाचणी किंवा रक्तावरील इग्रा चाचणी शरीरात संसर्ग आहे का हे सांगते, प्रत्यक्ष आजार आहे का हे सांगत नाही. रुग्णाच्या घरातील ज्यांना आजार नाही पण संसर्ग झाला असावा, अशांना प्रतिबंधक उपचार द्यायचा असेल तेव्हा या चाचण्या उपयोगी पडतात. आपण उल्लेख केलेल्या घरातील नातवासारख्या मुलांना बेडका काढता येत नाही; त्यांच्यासाठी जठरातील द्रव किंवा शौचाचा नमुना सीबीनॅटवर तपासण्याची सोय आहे, तिच्यासाठी सिव्हिलच्या बालरोग विभागाशी संपर्क ठेवावा.

गटप्रवर्तक_ताई

मी आशा ताईंच्या गटाची प्रवर्तक आहे आणि कुंभारीच्या विडी कामगार वसाहतींकडे माझे जाणे-येणे असते. वरील दोन्ही सरांचे म्हणणे मला पटते, पण शिबिर कुठे आणि केव्हा घ्यायचे हे चुकले तर चांगले यंत्रही रिकामे बसून राहील, म्हणून माझा अनुभव मांडते.

विडी कामगार बाईची मजुरी हजार विड्यांमागे ठरते. सकाळी ती तयार विड्या घेऊन कारखान्यात जाते, तेथे त्या तपासून, मोजून घेतल्या जातात, आणि दुसऱ्या दिवसासाठी पाने व तंबाखू घेऊन ती परत येते. दुपारी बारा वाजता शिबिर ठेवले तर तिच्या हातातील काम थांबते आणि त्या दिवसाची विडी अपुरी राहते. सिव्हिलला जायचे तर केसपेपर, रांग, एक्स-रे आणि निकाल यांत एकापेक्षा जास्त दिवस जातात. हातावर पोट असलेली बाई असे हेलपाटे घालत नाही, मग आपण तिला अडाणी म्हणतो. ते मला अजिबात मान्य नाही. जिथे ती रोज विड्या द्यायला येतेच, त्या कारखान्याच्या आवारात किंवा त्याच्या समोरच्या घरात सकाळच्या वेळी एक्स-रे ठेवा. रांगेत उभी असतानाच तिची तपासणी होईल. यंत्रमाग कामगारांसाठी पाळी बदलण्याची वेळ पाहावी.

बोलणारी माणसे तेलुगू जाणणारी असावीत. पूर्व भागातील वयस्क बायका मराठी समजतात, परंतु रात्री घाम येतो का, भूक मेली आहे का, थुंकीतून रक्त पडले का, असे प्रश्न आपल्या भाषेत विचारले की त्या मोकळेपणाने सांगतात. सुनेसमोर सासू आणि सासूसमोर सून खरे सांगत नाही, तेव्हा विचारपूस एकेकटीची करावी. एक्स-रेच्या आधी गरोदरपणाविषयीही एकांतातच विचारावे.

थुंकीच्या डब्या संध्याकाळी घरी द्याव्यात आणि सकाळी लवकर जाऊन गोळा कराव्यात. त्यासाठी दुचाकी असलेला एक मुलगा, बर्फाच्या पिशव्या घातलेला एक डबा आणि पेट्रोलचा खर्च एवढेच लागते. ही गोष्ट कोणत्याही योजनेत नीट बसत नाही, म्हणून देणगीतून तिच्यासाठी नक्की पैसे ठेवा. आणि निकाल फोनवर जोरात सांगू नये. रुग्णाला भेटून सांगावा आणि त्याच दिवशी उपचार सुरू करून द्यावेत.

ऊसतोड कामगारांचाही विचार व्हावा. गळीत हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून टोळ्या येतात, फडाजवळ कोपी घालून राहतात आणि पाच-सहा महिन्यांत निघून जातात. जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर आहेत, तेव्हा फिरते एक्स-रे यंत्र हिवाळ्यात तिकडे नेता येईल.

अक्कलकोट_सीमाभाग

थुंकी_प्रयोगशाळा यांच्या मताला मी शहरापुरता दुजोरा देतो, ग्रामीण भागासाठी देत नाही. पूर्व भागातून नमुना सकाळी निघाला तर तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचतो. अक्कलकोटच्या कर्नाटक सीमेवरील गावांतून तालुक्याला येणेच अवघड असते, आणि अक्कलकोट ते सोलापूर हे अंतर चाळीस किलोमीटरच्या घरात आहे. एप्रिलमध्ये डबीतील नमुना दुचाकीवर तापतो. बर्फ नसेल तर त्यात इतर जीवाणू वाढतात आणि कल्चरसाठी तो निरुपयोगी होतो. अशा ठिकाणी प्राथमिक आरोग्य केंद्रात ट्रूनॅट असणे हाच योग्य मार्ग आहे, आणि ते यंत्र मुळात आरोग्य केंद्रासाठीच तयार झाले आहे. देणगीदार पूर्व भागापुरते बांधलेले नसतील, तर एखाद्या दूरच्या केंद्रासाठी आरोग्य विभागाच्या संमतीने ट्रूनॅट देण्याचा विचार जरूर व्हावा. चिप आणि तंत्रज्ञ शासनाचे असतील याची आधी लेखी हमी घ्या. आमच्या भागात लोक कन्नड बोलतात, तेव्हा ताईंनी भाषेविषयी लिहिलेले येथेही तितकेच लागू आहे.

थुंकी_प्रयोगशाळा

सीमाभागाविषयीचा मुद्दा योग्य आहे आणि माझे मत मी शहरापुरते मर्यादित करतो. तंत्रज्ञ मात्र खरोखर नेमला जाईल ना, हे पाहावे. कुलूपबंद खोलीत झाकून ठेवलेली यंत्रे मी पाहिली आहेत आणि त्याचे फार वाईट वाटते.

पूर्वभाग_कार्यकर्ता

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मनापासून आभार. देणगीदार कुटुंबाशी बोलणे झाले. एक्स-रे यंत्र आणि दोन वर्षांचा नमुना-वाहतूक व माणसांचा खर्च, अशी विभागणी त्यांना पटली आहे. अक्कलकोटविषयी ते नंतर विचार करतील. आता दोनच शंका उरल्या आहेत. एक्स-रे यंत्र वस्तीत चालवण्यासाठी कोणत्या परवानग्या लागतात? आणि आमच्या कामामुळे निदान खरोखर लवकर होत आहे हे आम्हाला कसे कळेल? केवळ किती लोकांची तपासणी झाली हा आकडा फसवा वाटतो.

छातीविकार_वैद्य

अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना घेतल्याशिवाय कोणतेही वैद्यकीय एक्स-रे यंत्र चालवता येत नाही. त्यासाठीचा अर्ज त्यांच्या ई-लोरा प्रणालीवर करावा लागतो. यंत्र त्यांच्या मान्यतेचे आहे का, हे खरेदीपूर्वीच विक्रेत्याकडून लेखी घ्या. चालवणारा प्रशिक्षित क्ष-किरण तंत्रज्ञ असावा, त्याला शिशाचा ॲप्रन आणि किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला द्यावा, आणि यंत्राचा रोख भिंतीकडे राहील, त्या भिंतीपलीकडे कोणी बसलेले नसेल, याची प्रत्येक जागी खात्री करावी.

दुसरे, निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाची शासनाच्या क्षयरोग नोंदणीच्या निक्षय पोर्टलवर नोंद करणे खासगी आणि धर्मादाय दवाखान्यांनाही २०१२ पासून बंधनकारक आहे. ही नोंद रुग्णाच्याही हिताची आहे, कारण औषधे मोफत मिळतात आणि निक्षय पोषण योजनेतून उपचारकाळात दरमहा १,००० रुपये त्याच्या बँक खात्यावर जमा होतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ५०० रुपये होती. विडी कामगार कुटुंबात एवढ्या पैशाने अंडी-डाळीचा प्रश्न काही अंशी सुटतो. खाते आधारशी जोडलेले नसेल तर पैसे अडकतात, म्हणून ते काम नोंदणीच्या दिवशीच करून घ्या.

थुंकी_प्रयोगशाळा

मोजणीबाबत. एक साधी वही ठेवा आणि प्रत्येक निदान झालेल्या रुग्णापुढे चार तारखा लिहा: खोकला किंवा ताप सुरू झाल्याची अंदाजे तारीख, पहिल्यांदा कोणत्याही डॉक्टरकडे गेल्याची, थुंकी दिल्याची आणि औषधाची पहिली गोळी घेतल्याची. पहिली तारीख रुग्णाला आठवत नाही, तेव्हा दिवाळी, संक्रांत, गड्ड्याची यात्रा अशा खुणेने विचारा. मग ती बऱ्यापैकी नेमकी निघते. या चार तारखांमधील कोणते अंतर सर्वांत मोठे आहे ते दर तीन महिन्यांनी पाहा. पहिल्या दोहोंमधील अंतर मोठे असेल तर शिबिरे वाढवावी लागतील. दुसऱ्या आणि तिसऱ्या तारखांमधील मोठे असेल, तर गल्लीतील डॉक्टर आणि औषध दुकानदार यांना एकत्र बसवून खोकल्याच्या रुग्णाला आपल्याकडे पाठवण्याविषयी बोलावे लागेल. आणि शेवटच्या दोहोंमधील अंतर वाढत असेल तर दोष आमच्या प्रयोगशाळेत किंवा वाहतुकीत आहे, ते आम्हाला ताबडतोब कळवा.

त्याच वहीत आणखी दोन रकाने ठेवा: एक्स-रे संशयास्पद आलेल्यांपैकी किती जणांनी प्रत्यक्ष थुंकी दिली, आणि त्यातील किती नमुने लाळ म्हणून नाकारले गेले. पहिल्या रकान्यात गळती दिसली तर ताईंच्या आशा गटाला त्या घरी पुन्हा पाठवा. दुसऱ्यातील आकडा वाढला, तर डब्या वाटणाऱ्या मुलाला एक सकाळ माझ्याकडे पाठवून द्या. चांगला नमुना कसा दिसतो ते मी त्याला प्रत्यक्ष दाखवेन.